‘काहीच निर्माण झालं नाही’ : नायपॉल, त्रिनिदाद आणि एका वाक्याचं प्रकरण

1962 साली त्रिनिदाद या कॅरिबियन बेटाशी संबंधित दोन पुस्तकं आली. एक होतं खुद्द पंतप्रधान डॉ. एरिक विल्यम्स यांचं. 31 ऑगस्टला बेट ब्रिटिश सत्तेतून मोकळं होणार होतं. त्या दिवशी नव्या नागरिकाच्या हाती स्वतःचा इतिहास असावा म्हणून त्यांनी तो स्वतः लिहून काढला. दुसरं पुस्तक होतं ‘द मिडल पॅसेज’. त्याचा लेखक त्याच बेटावर जन्मलेला, बारा वर्षांपासून इंग्लंडमध्ये राहणारा कादंबरीकार. आणि कॅरिबियनवर कादंबरी सोडून एखादं पुस्तक लिहा, असं त्याला सुचवणारे विल्यम्सच होते. त्या पुस्तकात एक वाक्य आहे. मराठीत ते साधारण असं होईल : इतिहास कर्तृत्व आणि निर्मिती यांच्याभोवती उभा राहतो, आणि वेस्ट इंडीजमध्ये काहीच निर्माण झालं नाही.

वि. सू. नायपॉल यांना हे वाक्य पुढची छप्पन्न वर्षं, म्हणजे मरेपर्यंत, चिकटून राहिलं. त्यांच्या मायभूमीनं त्यांच्यावर रागवावं असं त्यांनी पुढेही बरंच लिहिलं आणि त्याहून जास्त बोलले. तरी प्रकरण समजून घ्यायचं तर मला हे एकच वाक्य पुरेसं वाटतं. नायपॉलांबद्दल नेहमी दोन खणांत बोललं जातं. गद्य अप्रतिम, स्वच्छ, एक शब्द जादा नाही, हा एक खण. माणूस तुसडा, आपल्याच लोकांना तुच्छ लेखणारा, हा दुसरा. गद्याची स्तुती करायची, माणसाबद्दल हळहळायचं आणि पुढे जायचं. मला ही विभागणी पटत नाही. गद्य आणि दुखावलेपण एकाच मुळावरचे फाटे आहेत. ते मूळ कुठे आहे, ते पाहण्यासाठी हा लेख.

घर

1845 साली ‘फतेल रझाक’ नावाचं जहाज हिंदुस्थानातून मजूर घेऊन त्रिनिदादच्या राजधानीत, पोर्ट ऑफ स्पेनला, लागलं. गुलामगिरी संपली होती, उसाच्या मळ्यांना हात हवे होते. 1917 पर्यंत सुमारे एक लाख चव्वेचाळीस हजार माणसं अशी करारावर तिथे नेली गेली. नायपॉलांचे आजे त्यांतलेच. 17 ऑगस्ट 1932 रोजी नायपॉल जन्मले ते चग्वानस या गावात, आईच्या माहेरी. हे कपिलदेव घराणं पैशानं आणि ब्राह्मण्यानं गावात वजन राखून होतं. त्यांच्या भिंतीवर सिंह असलेल्या, किल्ल्यासारख्या घराला लोक ‘लायन हाऊस’ म्हणत. वडील सीपरसाद नायपॉल ‘त्रिनिदाद गार्डियन’चे बातमीदार होते, घरजावयासारखे, सासरच्या उपकारांखाली कायम घुसमटलेले. त्यांना लेखक व्हायचं होतं. 1943 साली त्यांनी आपल्या कथांचं छोटं पुस्तक तिथेच छापून घेतलं. मुलानं ते घरात रोज पाहिलं : एक माणूस कागद घेऊन बसतो आणि आजूबाजूच्या, ओळखीच्या माणसांची गोष्ट लिहितो.

माध्यमिक शाळेच्या ‘फोर्थ फॉर्म’मध्ये, साधारण बाराव्या वर्षी, नायपॉलांनी लॅटिनच्या पाठ्यपुस्तकाच्या शेवटच्या पानावर शपथ लिहिली होती, पाच वर्षांत इथून जायचं. सहा लागली. 1950 साली सरकारी शिष्यवृत्तीवर ते ऑक्सफर्डला गेले. 1953 च्या ऑक्टोबरमध्ये वडील वारले, तेव्हा घरी जायला पैसे नव्हते. त्यांनी तार केली : माझ्या ओळखीतला सर्वांत चांगला माणूस, मी जो आहे तो त्यांच्यामुळे. घरी परतले ते तीन वर्षांनी, 1956 मध्ये.

‘द मिडल पॅसेज’मध्ये ते सांगतात, की इंग्लंडमधल्या भाड्याच्या खोलीत विजेच्या शेगडीजवळ झोप लागता लागता आपण दचकून उठायचो. स्वप्न पडलेलं असायचं, आपण परत त्रिनिदादमध्ये आहोत. हे वाचताना मला प्रत्येक वेळी वाईट वाटतं, आणि ते त्रिनिदादसाठी नव्हे. घराचं दुःस्वप्न पडणारा माणूस घराबद्दल शांतपणे लिहू शकेल का, हा प्रश्न त्याच पानावर उभा राहतो. त्यांचं गद्य मात्र अत्यंत शांत आहे. इथेच पहिली गफलत होते. वाक्य थंड दिसतं, म्हणून लिहिणाराही अलिप्त असेल असं आपण समजतो.

वाक्य कुठून आलं

ऑक्सफर्डनंतर ते बीबीसीच्या ‘कॅरिबियन व्हॉइसेस’ या साप्ताहिक कार्यक्रमाचं काम करत. लँगहॅम नावाच्या जुन्या हॉटेलच्या इमारतीत फुटकळ काम करणाऱ्यांसाठी एक खोली होती. 1955 मध्ये एका दुपारी तिथल्या टंकलेखन यंत्रावर, बीबीसीच्याच न सळसळणाऱ्या कागदावर, त्यांनी एक वाक्य उतरवलं. हॅट नावाचा माणूस रोज सकाळी उठला, की मागच्या व्हरांड्याच्या कठड्यावर बसून शेजारी हाक मारायचा, ‘काय चाललंय तिकडं, बोगार्ट?’ हे पुढे ‘मिगेल स्ट्रीट’ या कथामालिकेचं पहिलं वाक्य झालं. रस्ता पोर्ट ऑफ स्पेनचा, लहानपणी पाहिलेला. हाक तिथल्या बोलीतली.

या वाक्यात माणसाचं वर्णन करणारं एकही विशेषण नाही. हॅट कोण, कोणत्या वंशाचा, बोगार्ट काय करतो, काही सांगितलेलं नाही. पण रोज सकाळी कुणीतरी भिंतीपलीकडे हाक मारतो, यात अख्खी वस्ती उभी राहते. पुढे बऱ्याच वर्षांनी नवोदितांना सल्ला देताना नायपॉलांनी जे नियम सांगितले, त्यांतले बहुतेक इथे आधीच दिसतात. वाक्य दहा-बारा शब्दांपलीकडे नेऊ नका. प्रत्येक वाक्यानं एक स्पष्ट विधान करावं आणि आधीच्या विधानात भर घालावी. मोठे शब्द नकोत. रंग, आकार आणि संख्या सोडून विशेषणं टाळा. अमूर्तापासून लांब राहा, डोळ्यांना दिसेल ते लिहा. हा शेवटचा नियम लक्षात ठेवावा, पुढे तो लागणार आहे.

1961 मध्ये ‘अ हाऊस फॉर मिस्टर बिस्वास’ आली. वडिलांच्या आयुष्यावरून बेतलेली ही कादंबरी माझ्या मते त्यांचं सर्वांत मोठं काम. तिचं पहिलं वाक्य सांगतं, की मोहन बिस्वास, पत्रकार, सिक्कीम स्ट्रीट, सेंट जेम्स, पोर्ट ऑफ स्पेन, यांना मरणाच्या दहा आठवडे आधी नोकरीवरून काढलं गेलं. बस्स. पत्ता पाकिटावर लिहावा तसा आहे. मरण आणि नोकरी एका दमात सांगितली आहेत. माणूस मरणार हे आपल्याला पहिल्याच ओळीत कळलं, म्हणजे पुढे जवळपास सहाशे पानं उत्कंठा उरत नाही. उरतो फक्त प्रश्न, की हा माणूस जगला कसा. आणि तो पत्ता वाचताना आपल्याला अजून ठाऊक नसतं, की त्या पत्त्यावर पोचण्यात त्याचं सगळं आयुष्य गेलं आहे. साडेपाच हजार डॉलरला, कर्ज काढून, घाईत घेतलेलं, खिडक्यासुद्धा धड बंद न होणारं घर, पण स्वतःचं. कादंबरी संपवून पुन्हा पहिलं वाक्य वाचलं, की तो कोरडा पत्ता हलवून सोडतो. काटकसरीचं गद्य म्हणतात ते हेच. गाळलेलं सगळं आत जिवंत असतं.

ही शैली इंग्लंडमध्ये कमावली, असं म्हणणाऱ्यांना मी एक प्रसंग सांगतो. 1933 मध्ये सीपरसाद यांनी एक बातमी लिहिली होती : गुरांच्या रोगावर सरकारी लस न घेता शेतकरी कालीमातेचा आधार घेत आहेत. त्यांना निनावी पत्र आलं, आठवड्यात कालीला बळी दे, नाहीतर मरशील. या प्रकारांना अंधश्रद्धा म्हणणाऱ्या त्या सुधारक माणसाला शेवटी बोकड कापावा लागला. त्यानंतर ते मनानं खचले. नायपॉलांना हे कळलं ते चाळिशीच्या आसपास. त्यांनी आईला विचारलं, त्यांचं वेड कसं दिसायचं? आई म्हणाली, एक दिवस त्यांनी आरशात पाहिलं तर ते स्वतःला दिसेनात, आणि ते किंचाळायला लागले.

नायपॉलांनी लिहिलेल्या सर्व पानांत याहून काटकसरीचं वाक्य मला आठवत नाही, आणि ते त्यांचं नाही. ते चग्वानसच्या एका बाईच्या तोंडचं आहे. हॅटची हाक गल्लीची आहे. साध्या माणसांच्या साध्या गोष्टी लिहायची सवय बापाची आहे. ज्या गद्याला जगानं डोक्यावर घेतलं त्याचं बी बेटावरचं होतं, आणि ते जिथे रुजलं त्याच भूमीबद्दल ते गद्य म्हणालं, काहीच निर्माण झालं नाही.

1960 ची फेरी

सप्टेंबर 1960 मध्ये त्रिनिदाद सरकारच्या तीन महिन्यांच्या शिष्यवृत्तीवर नायपॉल परतले. राजकारण तापलेलं होतं. विल्यम्स यांचा पक्ष 1956 मध्ये सत्तेवर आला होता. त्याआधीपासून ते पोर्ट ऑफ स्पेनच्या वुडफर्ड चौकात हजारोंच्या जमावापुढे इतिहासावर व्याख्यानं देत. ते व्यासंगी इतिहासकार होते. गुलामांच्या श्रमावर ब्रिटिश भांडवल कसं उभं राहिलं, हे त्यांनी 1944 च्या आपल्या ग्रंथात मांडलं होतं. त्यांच्यासमोर विरोधी पक्षाचं नेतृत्व करायला आले होते रुद्रनाथ कपिलदेव, लंडनला शिकवणारे गणिती आणि नायपॉलांचे सख्खे मामा. पक्ष विचारांवरून कमी आणि वंशावरून जास्त विभागले जात होते : आफ्रिकी वंशाचे एकीकडे, भारतीय वंशाचे दुसरीकडे. अशा वेळी विल्यम्स यांनी प्रतिस्पर्ध्याच्या भाच्याला प्रवासासाठी मदत आणि लिहिण्याची मोकळीक दिली. याचं श्रेय त्यांना क्वचितच मिळतं, ते द्यायला हवं. नायपॉल त्रिनिदाद, ब्रिटिश गयाना, सुरिनाम, मार्टिनिक आणि जमैका फिरले.

पुस्तकाची सुरुवात लंडनच्या वॉटर्लू स्थानकावर होते. बोटीच्या गाडीसाठी फलाटावर स्थलांतरितांसारख्या दिसणाऱ्या वेस्ट इंडियन लोकांची एवढी गर्दी होती, की आपण पहिल्या वर्गानं चाललो आहोत याचं लेखकाला बरं वाटलं. पहिल्याच वाक्यात गर्दी आणि पहिला वर्ग. याला प्रामाणिकपणा म्हणता येईल. दहा वर्षांपूर्वी बाहेर पडलेला, गरिबीतून आलेला तरुण आपल्यासारख्याच माणसांच्या घोळक्यात ओळखला जाण्याला घाबरतो, ही भावना खरी आहे आणि ती कबूल करायला धैर्य लागतं. पण वाक्य ती कबुली म्हणून मांडत नाही. ‘मला लाज वाटली’ असं ते म्हणत नाही. ‘बरं वाटलं’ म्हणतं आणि थांबतं. ‘मिगेल स्ट्रीट’मध्ये जे गाळलं होतं, ते वाचकाला माणसाच्या जवळ नेत होतं. इथे गाळलेली आहे ती लेखकाची स्वतःची भीती. ती गेली, आणि फलाटावर नुसती गर्दी उरली.

पुढे पुस्तकात उत्तम पानं आहेत. त्रिनिदादचा माणूस वास्तवाला भिडतो तो फक्त कॅलिप्सोत, असं ते लिहितात. कॅलिप्सो म्हणजे तिथलं चिमटे काढणारं, चालू घटनांवर रचलेलं लोकगीत. ‘मिगेल स्ट्रीट’मध्ये त्याच्या ओळी जागोजाग येतात. ही दाद मनापासूनची आहे. पण काही पानांच्या अंतरावर ते स्टील बँडचा आवाज आपल्याला मुळीच सहन होत नाही असंही सांगून टाकतात. तेलाची पिंपं ठोकून, त्यांच्या तळाला वेगवेगळे स्वर देऊन वाजवायचं हे वाद्य पोर्ट ऑफ स्पेनच्या गरीब वस्त्यांतल्या पोरांनी 1930 आणि 1940 च्या दशकांत घडवलं. वसाहतीच्या सरकारनं चामड्याच्या ढोलांवर बंदी घातली होती, तेव्हा लोक बांबू ठोकत, मग डबे, मग पिंपं. विसाव्या शतकात जगाला मिळालेलं ते एक पूर्ण नवं वाद्य आहे. आवडनिवड प्रत्येकाची. पण ज्याच्या कानावर ते रोज पडत होतं, त्यानंच ‘काहीच निर्माण झालं नाही’ लिहावं, हा विसंवाद पुस्तकाच्या पोटातच आहे.

आता त्या वाक्याकडे परत येऊ. त्यांचाच नियम लावू. अमूर्त टाळा. ‘इतिहास’, ‘कर्तृत्व’, ‘निर्मिती’, ‘काहीच’ : ओळीत एकही गोष्ट डोळ्यांना दिसणारी नाही. हॅटचा कठडा दिसतो. सिक्कीम स्ट्रीटचा पत्ता दिसतो. इथे दिसतं काय? हे निरीक्षण नाही, हा निवाडा आहे. पण तो निरीक्षणाच्या कपड्यांत आला आहे : आखूड शब्द, शांत आवाज, शेवटी पूर्णविराम. आधीच्या पुस्तकांत प्रत्येक आखूड वाक्यानं पाहिलेलं सांगून जो विश्वास कमावला होता, तो या वाक्यानं उसना घेतला. हेच विधान कुणी शंभर शब्दांत, किंतु-परंतु लावून केलं असतं तर त्याच्याशी वाद घालता आला असता. नायपॉलांच्या वाक्यात वाद घालायला फटच नाही. घरच्यांना, म्हणजे त्रिनिदादच्या वाचकांना, जे लागलं ते हे, असं मला वाटतं. ते हळवे होते म्हणून चिडले, हे अर्धसत्य आहे. त्यांनी वाक्य बरोबर वाचलं होतं.

त्यामागे विचार नव्हता असं नाही. कॅरिबियन बेटं मळ्यांसाठी वसवली गेली, तिथे माणसं आणली ती श्रमासाठी, आणि मालक परदेशी. अशा समाजात संस्था रुजल्या नाहीत, नक्कल रुजली, हे त्यांचं दुखणं खरं होतं. गंमत अशी, की विल्यम्स यांचाही आरोप साधारण हाच होता. 1961 च्या मार्चमध्ये वुडफर्ड चौकातल्या गाजलेल्या भाषणात त्यांनी मळेवाल्या मालकाचे दिवस भरले असं ठणकावलं, तेव्हा याच अवस्थेकडे त्यांचं बोट होतं. फरक क्रियापदाचा आहे. विल्यम्स म्हणत, लुटलं गेलं. नायपॉल म्हणाले, निर्माण झालं नाही. पहिल्या वाक्यात लुटणारा आहे. दुसऱ्यात कर्ता नाही. कर्ता गाळला, की दोष उरलेल्या माणसांवर येऊन पडतो.

रिकामी जागा कुणी भरायची

काटकसरीच्या गद्यात वाचकाला कामाला लावलेलं असतं. लेखक सोडतो ती जागा वाचकानं आपल्या अनुभवानं भरायची. पण त्यासाठी वाचकाकडे तो अनुभव हवा. पोर्ट ऑफ स्पेनच्या वाचकाला ‘मिगेल स्ट्रीट’मधला सुतार, कवी, बाईचा मार खाणारा पुरुष वाचताना शेजारी आठवतो. तो हसतो आणि हसताना त्याला त्या माणसाची बाकीची बाजूही माहीत असते. लंडनच्या वाचकाकडे बाकीची बाजू नसते. त्याला जेवढं छापलंय तेवढंच दिसतं, आणि ते विनोदी असतं. म्हणून तेच पान एकीकडे प्रेमळ वाटतं आणि दुसरीकडे थट्टेचं. आपली थट्टा परक्यासमोर होते आहे, ही भावना घरच्या वाचकाच्या मनात तिथून येते.

हे नायपॉलांना स्वतःला कळत होतं. 1958 च्या एका निबंधात त्यांनी आपल्या परिस्थितीबद्दल स्पष्ट लिहिलं : भारतीय वंशाचा लेखक, इंग्रजीत, इंग्रज वाचकासाठी, इंग्रज नसलेल्या आणि आपल्याच ढंगाचं इंग्रजी बोलणाऱ्या माणसांबद्दल लिहितो, ही विचित्र आणि संशयास्पद स्थिती आहे. प्रकाशक लंडनला, समीक्षक लंडनला, पैसेही तिथेच. सीपरसाद आपलं पुस्तक तिथेच छापून विकत होते, वाचक समोर होता, रागावला तर दारात यायचा, कालीच्या नावानं धमकीही द्यायचा. मुलाला तो धोका नव्हता आणि तो धाकही नव्हता. धाक वाईटच असतो असं मला वाटत नाही. समोर उभ्या माणसाबद्दल ‘काहीच नाही’ असं लिहिताना हात थोडा अडखळतो.

रोष, आणि त्याचे थर

त्रिनिदादचा रोष एकजिनसी नव्हता. सर्वांत आधी दुखावलं ते आजोळ. बिस्वासच्या सासरचं तुळशी घराणं म्हणजे आपणच, हे कपिलदेवांना ओळखू येत होतं. भारतीय वंशाच्या इतर वाचकांत अभिमान आणि संकोच दोन्ही होतं. आपलं जगणं पहिल्यांदा जगाच्या साहित्यात आलं, पण आलं ते भांडणं, कुचंबणा आणि कर्मकांडांसकट. आफ्रिकी वंशाच्या वाचकांचं म्हणणं अधिक कडक होतं आणि मला ते न्याय्य वाटतं : या लेखकाची करुणा वंशाच्या कुंपणापाशी थांबते. 1975 च्या ‘गरिलाज’ या कादंबरीनंतर, तिच्यामागे असलेल्या मायकल एक्स (त्रिनिदादमध्ये खुनाबद्दल फाशी गेलेला काळ्यांच्या चळवळीतला नेता) प्रकरणावरच्या त्यांच्या लेखनानंतर हे मत पक्कं झालं.

बार्बेडोसचे जॉर्ज लॅमिंग यांनी 1960 मध्येच त्यांच्या उपहासावर टीका केली होती. डेरेक वॉलकॉट यांचं उदाहरण मला जास्त बोलकं वाटतं. सेंट लुशियाचे हे कवी त्रिनिदादमध्ये राहून नाटकं उभी करत होते. म्हणजे ‘निर्मिती’ करत होते. 1987 मध्ये ‘द एनिग्मा ऑफ अरायव्हल’ या कादंबरीवर लिहिताना त्यांनी नायपॉलांना इंग्रजी वाक्य लिहिणारा आपल्यातला सर्वश्रेष्ठ लेखक म्हटलं, आणि त्याच लेखात काळ्या माणसांबद्दलच्या त्यांच्या तिटकाऱ्यानं हे सुंदर गद्य डागाळलं आहे, असंही बजावलं. वॉलकॉट यांनी दोन्ही गोष्टी एकाच दमात म्हटल्या. ते ‘पण’ म्हणून सुटले नाहीत.

मान मात्र मिळत राहिला. 1971 चं बुकर, 1990 मध्ये ब्रिटनचा ‘सर’ किताब, आणि त्याच सुमारास त्रिनिदादचा तेव्हाचा सर्वोच्च सन्मान, ट्रिनिटी क्रॉस. मायदेशानं मान दिला म्हणजे माफ केलं असं नव्हे. आणि 11 ऑक्टोबर 2001 रोजी नोबेल जाहीर झालं तेव्हा नायपॉलांनी दोन ओळींचं निवेदन दिलं : हा माझं घर असलेल्या इंग्लंडचा आणि माझ्या पूर्वजांचं घर असलेल्या भारताचा सन्मान आहे. त्रिनिदादचं नाव नव्हतं. पुन्हा तेच झालं. वाक्य आखूड, स्वच्छ, आणि जे गाळलं तेच सर्वांत मोठ्यानं ऐकू आलं. बेटावर लोकांनी विचारलं, शिष्यवृत्ती कुणी दिली होती? यावर त्यांच्या बाजूनं काही म्हणावं असं मला सुचत नाही.

उशिरा केलेली दुरुस्ती

प्रकरण इथे संपलं असतं तर सोपं झालं असतं. पण दोन महिन्यांनी, 7 डिसेंबरला, स्टॉकहोममध्ये त्यांनी जे भाषण केलं ते बऱ्याच अंशी त्रिनिदादबद्दल आहे, चग्वानसबद्दल आहे. पस्तिशीच्या आसपास, त्रिनिदादच्या इतिहासावर पुस्तक लिहिताना, ब्रिटिश म्युझियममधल्या जुन्या स्पॅनिश कागदपत्रांत त्यांना एक पत्र सापडलं होतं. 12 ऑक्टोबर 1625. स्पेनचा राजा त्रिनिदादच्या गव्हर्नरला लिहितो : हजारावर संख्या असलेले हे चग्वानेस लोक कोण? त्यांनी इंग्रजांना गावात आणलं, ते कुणालाच धनी मानत नाहीत, तुम्ही त्यांना शिक्षा करायचं ठरवलं आहे, काय झालं ते कळवा. त्यानंतरच्या कागदांत नायपॉलांना या लोकांचा उल्लेख कुठेच आढळला नाही. गावाला फक्त त्यांचं नाव उरलं. आणि ज्या गावात आपण जन्मलो, त्याचं नाव कुणाचं, हे तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं, आपल्यालाही नाही, असं ते सांगतात.

1962 च्या वाक्यातून गाळलेला कर्ता इथे परत आला आहे. रिकामेपण आपोआप आलेलं नव्हतं, ते करण्यात आलं होतं. नायपॉल तसं जाहीरपणे म्हणत नाहीत, जुनं वाक्य मागेही घेत नाहीत. पण त्रिनिदादच्या इतिहासावरचं ते पुस्तक, 1969 चं ‘द लॉस ऑफ एल डोराडो’, आणि हे भाषण एकत्र वाचलं, की ते स्पष्ट होतं. ‘एनिग्मा’च्या शेवटच्या भागात बहिणीच्या मृत्यूनंतर ते त्रिनिदादला जातात. तेलाच्या पैशानं बदललेलं गाव, विधी सांगणारा पंडित, त्याला प्रश्न विचारणारी घरची माणसं. तिथे ते कुणाचाच निवाडा करत नाहीत, बसून बघतात.

भारताच्या बाबतीत हाच बदल मराठी वाचकानं जवळून पाहिलेला आहे. 1964 आणि 1977 च्या पुस्तकांत त्यांनी या देशाबद्दल एकाहून एक कडक विधानं केली. 1990 च्या तिसऱ्या पुस्तकात मात्र मुंबईत नामदेव ढसाळ आणि मल्लिका अमरशेख यांच्यासमोर बसून ते त्यांना बोलू देतात, पानामागून पानं. विधानं कमी झाली, आवाज वाढले. तिसऱ्यांदा परत येऊन ऐकण्याची ही संधी त्यांनी भारताला एका अख्ख्या पुस्तकाची दिली. मिगेल स्ट्रीटच्या शहराला तेवढी दिली नाही. त्रिनिदादनं नोबेलच्या निवेदनापेक्षा याबद्दल जास्त रागवायला हवं होतं, असं माझं मत आहे.

11 ऑगस्ट 2018 रोजी नायपॉल लंडनमध्ये वारले. पोर्ट ऑफ स्पेनच्या सेंट जेम्स भागात नेपाळ स्ट्रीटवर एक दुमजली घर आहे. सीपरसाद यांनी 1946 च्या अखेरीस कर्ज काढून घेतलेलं, कादंबरीत सिक्कीम स्ट्रीटवर गेलेलं. नायपॉल त्यात चार वर्षंही राहिले नाहीत. सरकारनं ते विकत घेतलं, त्याची डागडुजी केली, आता ते वस्तुसंग्रहालय आहे. त्याची देखभाल करण्यासाठी तिथल्या काही लोकांनी एक संस्था काढली. नाव ठेवताना त्यांनी लेखकाचं नाव घेतलं नाही. संस्थेचं नाव आहे ‘फ्रेंड्स ऑफ मिस्टर बिस्वास’, बिस्वासांची मित्रमंडळी.